रक्तदाबाच्या आकड्यावरून धोका किती कळतो?

रक्तदाब वाढलेला आढळला की गोळी सुरू करून मोकळे व्हायचे, अशीच इंदूरच्या आमच्या रामबागेतील बहुतेक घरांची रीत आहे. माझे डॉक्टर मात्र म्हणाले, "काकू, दाब कळला, पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याचा धोका किती, हे अजून काढायचे आहे."

आधी घरी दाब मोजायचा होता. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसायचे, पट्टा उघड्या दंडावर हृदयाच्या उंचीला बांधायचा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन नोंदी करायच्या आणि पहिल्या दिवसाच्या नोंदी वगळून सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा धरतात, घरी १३५/८५. माझी सरासरी १४६/८८ आली आणि दवाखान्यातल्या धास्तीने दाब चढत असावा, ही यजमानांची शंका फिटली.

मग जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ मधील सुधारित तक्ता, दक्षिण आशियासाठीचा, समोर आला. वय, लिंग, धूम्रपान, मधुमेह, वरचा दाब आणि एकूण कोलेस्टेरॉल यांवरून त्यात आपली चौकट सापडते. माझी चौकट ५ ते १० टक्क्यांची, पिवळ्या रंगाची होती, आणि घरच्यांना ती पुरेशी दिलासादायक वाटली.

पण हा तक्ता मूत्रपिंडाची अवस्था विचारतच नाही. अल्ब्युमिन हे प्रथिन मूत्रपिंडातून किती गळते ते सांगणारे, सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या आत हवे होते. माझे ६४ निघाले. ताप किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गानेही ते तात्पुरते वाढते, म्हणून काही काळाने चाचणी पुन्हा केली, तरी ते चढेच राहिले. वाढलेल्या दाबाची झळ अवयवांना लागल्याची ही खूण असल्यामुळे डॉक्टरांनी मला तक्त्यापेक्षा वरच्या गटात धरले. इतक्या साध्या तपासणीकडे एवढे दुर्लक्ष का होते, हे मला अजून उमगलेले नाही. ईसीजी निर्दोष होता. तरीही हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीची वाढलेली जाडी त्यात अनेकदा दिसत नाही, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली आणि तीही ठीक आली.

आता दाबासोबत अल्ब्युमिनची गळतीही कमी करणारी टेल्मिसार्टनची गोळी आणि जोडीला कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन सुरू आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायचे आहे, जे पोह्यांवर शेव पसरणाऱ्या शहरात सोपे नाही. टेल्मिसार्टनमुळे पोटॅशियम वाढू शकते, त्यामुळे काही आठवड्यांनी ते आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन पुन्हा तपासले जाईल.