जांभळा काही केल्या जमेना: सहा रविवारांची नोंद

गेल्या वेळच्या नोंदीत म्हटलं होतं की लहान मुलांबरोबरचे रंग मिसळण्याचे खेळ आता नीट आखून घेईन. मेच्या शेवटच्या रविवारी सुरुवात केली. मुलं नऊ, वय साडेतीन ते साडेपाच. जागा अशोक चौकाजवळच्या आमच्या घराचा ओटा, वेळ सकाळी आठ ते साडेआठ. सोलापूरच्या उन्हाळ्यात नऊनंतर ओट्यावर बसवत नाही, आणि रंगही वाटीतच सुकून पापुद्रा धरतो.

एका दिवशी दोनच रंग द्यायचे, हे आधी ठरवलं. तीन एकदम दिले की चार वर्षांचं मूल दोन मिनिटांत सगळ्याचा तपकिरी चिखल करतं आणि काय कशातून आलं ते त्याला कळतच नाही. चिखल करण्यात त्यांना भारी मजा येते, म्हणून त्याला एक रविवार अख्खा दिला.

क्रमालाही फार महत्त्व आहे. फिका रंग आधी, गडद नंतर, आणि गडद ड्रॉपरनेच. माझं माप असं: दोन छोटे चमचे पिवळा, त्यात निळ्याचे चार-पाच थेंब पडले की पोपटी, आणखी सात-आठ टाकले की गर्द हिरवा. उलट केलं, म्हणजे निळ्यात पिवळा ओतत बसलं, तर अर्धी बाटली संपते आणि निळा ढिम्म हलत नाही. थेंबाने टाकलं की मूल प्रत्येक थेंबाला थांबतं, बघतं, पुन्हा टाकतं. ड्रॉपर दाबताना अंगठा आणि तर्जनी नीट जुळतात. पुढे पेन्सिल धरायला हीच पकड लागते.

भांडं म्हणाल तर अप्पेपात्र. सात खळग्यांचं, मध्ये एक आणि भोवती सहा. एक खळगा सोडून एक असे पिवळा, लाल, निळा भरले की प्रत्येक दोघांच्या मधला खळगा त्या दोघांच्या मिश्रणासाठी रिकामा राहतो. रंगचक्र तयारच! पात्राच्या मध्यभागच्या खळग्यात सगळं एकत्र, चिखलाच्या दिवशी. रोज एकच जोडी भरायची आणि तिचाच मधला खळगा वापरायचा. जुन्या बाजारातून तीन पात्रं आणली, त्यांना बाहेरून लाल रिबन बांधली, म्हणजे चुकून कुणी त्यात परत अप्पे करायला नकोत.

पाण्याचंही बघावं लागतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा ब्रश धुवायला बादल्या काढणं परवडत नाही. म्हणून ब्रश बंद. प्रत्येक रंगाला स्वतःचा ड्रॉपर, आणि जुन्या टॉवेलचे वीतभर तुकडे ओले करून प्रत्येकाच्या मांडीवर. टॉवेलची इथे कमी नाही! नऊ मुलांचं सगळं आता दोन तांब्यांत भागतं.

पहिल्याच दिवशी एका मुलीने पिवळ्या खळग्यावर बोट ठेवून ‘पच्च’ म्हटलं. शेजारचा मुलगा उसळला, “पच्च म्हणजे हिरवा!” दोघंही घरी तेलुगू बोलणारी. मीही मनात मुलीलाच चूक ठरवून बसले होते. शेजारच्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, दोघं बरोबर आहेत. पानासारखा तो आकुपच्च, हळदीसारखा तो पसुपुपच्च. नुसतं पच्च दोन्हीकडे चालतं. तेव्हापासून मी रंगाचं नाव विचारणं सोडलं. सोलापूरच्या आपल्या पूर्व भागात एकाच ओट्यावर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बसलेली असते. नावं विचारून मी रंगाची नाही, भाषेची परीक्षा घेत होते. आता विचारते, “हा कशासारखा झाला?” उत्तरं येतात: कैरीसारखा, बसच्या सीटसारखा, अम्माच्या साडीसारखा. मराठीतही आपण हेच केलंय की. जांभळा, पोपटी, अबोली, डाळिंबी, मोरपंखी, सगळी नावं वस्तूंवरूनच आली.

आता मूळ अडचण. जूनमध्ये गाड्यावर जांभळं आली आणि मुलांनी जांभळ्याचा हट्ट धरला. लाल आणि निळा दिले, आणि झाला काळपट तपकिरी. पुढच्या रविवारी लाल वाढवला, तर विटकरी. त्यानंतर निळा वाढवला, तर शाईचा डाग. एक मुलगा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “अक्का, हे काय व्हायलंय?” तीन रविवार मी त्यांना एकच सांगत होते, लाल आणि निळा मिळून जांभळा होतो, आणि समोर तो होत नव्हता. मला फार वाईट वाटलं. मुलांचा त्यांच्या डोळ्यांवर विश्वास हवा, माझ्या वाक्यावर नको.

मग बाटल्यांवरची नावं वाचली. लाल होता व्हर्मिलियन, निळा होता प्रशियन ब्लू. व्हर्मिलियन नारिंगीकडे झुकलेला असतो. निळा-जांभळा उजेड तो जवळजवळ सगळा गिळतो. प्रशियन ब्लू हिरव्याकडे झुकलेला. तो लाल उजेड गिळतो. दोघं एकत्र आले की एक जे परत पाठवतो ते दुसरा खातो, डोळ्यापर्यंत फारसं काही पोचतच नाही. जांभळ्यासाठी लाल असा हवा जो थोडा निळा सोडेल, आणि निळा असा जो लालाकडे झुकेल. म्हणजे क्रिमझन किंवा रोझ (गुलाबी लाल), आणि अल्ट्रामरीन. छापखान्यात लाल-निळ्याऐवजी मॅजेंटा आणि सायन का वापरतात तेही यात आलं. रोझ एक चमचा, अल्ट्रामरीन अर्धा चमचा, आणि जांभूळ खाऊन जीभ होते तस्सा जांभळा उतरला.

एक बारकावा: गडद जांभळा कागदावर काळाच दिसतो. मुलांना वाटतं, पुन्हा बिघडला. त्याच्या एका थेंबात चमचाभर पांढरा घालून दाखवावा. पांढऱ्यात आतला रंग उघडा पडतो. बाटली तपासायचीही हीच युक्ती. दुकानातून आणलेला प्रत्येक लाल आणि निळा आता मी आदल्या रात्री पांढऱ्यात घालून बघते, मगच मुलांपुढे ठेवते. हिरव्यासाठी मात्र प्रशियन ब्लूच छान. लेमन यलोबरोबर तो लखलखीत हिरवा देतो, अल्ट्रामरीन तिथे मळकट पडतो. म्हणून निळे दोन ठेवायचे, लाल दोन, पिवळा लेमन.

एक खेळ वगळला. हळदीच्या पाण्यात खायच्या सोड्याचं पाणी टाकलं की ते लालसर होतं. (हळदीचं कुंकू चुन्याने होतं, त्याच जातीचा प्रकार, पण चुना लहान हातात देऊ नये, तो भाजतो.) दिसायला जादू आहे, मुलं नाचली. नंतर एकीने आईला सांगितलं की पिवळ्यात पांढरं टाकलं की लाल होतं. तिने जे बघितलं ते अगदी बरोबर सांगितलं, गफलत माझ्या आखणीची. तिथे रंग मिसळत नाही, हळदीतलं द्रव्यच बदलतं. हा खेळ मोठ्या मुलांसाठी ठेवावा, किंवा निदान याच महिन्यात नको. फरशीवरचे हळदीचे डाग घासत बसू नका. ऊन लागलं की चार दिवसांत फिके होतात.

सहाव्या रविवारचं श्रेय शेजारच्या तातांना (ताता म्हणजे तेलुगूत आजोबा). त्यांचा जन्म मागावर गेला. आमची जांभळ्याची रड ऐकून ते एक जुना धूपछाव खण घेऊन आले: ताणा (उभे दोरे) लाल, बाणा (आडवे) निळा. ओट्यावर पसरला तर सरळ जांभळा. मुलांना भिंग दिलं. आधी शांतता, मग आरडाओरडा, की यात जांभळा नाहीच! लाल दोरा आणि निळा दोरा, बस. ताता म्हणाले, दोरे मिसळत नाहीत, नजर मिसळते. कापडाच्या गावात राहून मला हे पहिल्या रविवारी सुचायला हवं होतं. फ्रान्समध्ये शेव्हरूल नावाचा रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून गोब्लँ या सरकारी विणकामशाळेच्या रंगखात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासल्यावर रंगात खोट सापडली नाही. शेजारच्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. ताता हे ऐकून म्हणाले, “आमच्याकडेही असंच. डिझाइन बदललं की गिऱ्हाईक म्हणतं, दोरा बदलला.”

साडेतीन वर्षांची सगळ्यात धाकटी मुलगी बराच वेळ भिंगाखाली नाक घालून बसली होती. मग उठली आणि खणाकडे तोंड ठेवून उलटी चालू लागली. एक पाऊल मागे, बघणं, आणखी एक पाऊल. ओट्याची पायरी येईपर्यंत मी मागे हात धरून उभी राहिले. पायरीशी थांबून ती म्हणाली, “इथून झाला.” मी खडूने तिथे रेघ मारली. मग बाकीच्या आठ जणांनी आपापल्या रेघा मारून घेतल्या. कुणाची जवळ, कुणाची लांब.

पुढच्या रविवारी त्याच रेघा वापरणार आहे. पिवळ्या-निळ्या दोऱ्यांचे वीतभर नमुने ताता विणून देतो म्हणालेत, एक बारीक दोऱ्याचा आणि एक जाड. जाड दोऱ्याला रेघ किती मागे सरकते ते बघायचंय. शिवाय काळा स्केचपेन आणि टिपकागद काढून ठेवलेत: काळ्या टिंबाखाली पाणी चढलं की त्यातले रंग परत वेगळे होतात. कुणी लहान मुलांबरोबर हे केलं असेल तर कोणत्या कागदावर चांगलं उतरलं ते सांगा. माझ्याकडे गाळण कागद आणि साधा टिश्यू दोन्ही आहेत.