तुम्ही विचारलंत म्हणून : कापसाच्या भावावर विनोद करायचा की नाही

युवारंगच्या तालमी सुरू झाल्या की हा प्रश्न मला हमखास येतो. युवारंग म्हणजे आमच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा युवक महोत्सव. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं त्यात उतरतात, आणि मी आमच्या मुलांचं प्रहसन आणि नकला बसवते. मुलं विचारतात, "मॅडम, राजकीय घालायचं का?" पालक भेटले की म्हणतात, "ताई, पोराला टीव्हीवर जायचंय. मनोरंजनात राजकारण कशाला घुसडायचं?" हल्ली शेजारपाजारचेही विचारतात. रात्री जेवताना लावलेल्या विनोदी कार्यक्रमात कुणी पक्षफुटीवर काही बोललं की ताटावरच दोन तट पडतात म्हणे.

माझं उत्तर आहे, घालायचं. टीव्हीवरच्या करमणुकीत राजकीय बोलणं असलंच पाहिजे. पण तिथे सध्या राजकीय म्हणून जे चालतं, त्यातलं बरंचसं राजकीय नाहीच. माझी खरी तक्रार ती आहे.

जत्रेत तमाशा पाहत मोठी झालेली पिढी आमच्याकडे अजून आहे. गण झाला, गवळण झाली की बतावणी, म्हणजे सोंगाड्याचं विनोदी बोलणं यायचं. वग, म्हणजे मुख्य नाट्य, आधीच ठरलेला, बतावणी मात्र त्या त्या गावची. सोंगाड्या दुपारी चहाला म्हणून गावात फिरायचा, पारावर बसायचा, आणि रात्री त्याच गावच्या रेशन दुकानावर, अर्धवट पडलेल्या पाण्याच्या टाकीवर, शेताला मध्यरात्री येणाऱ्या लाइटवर बोलायचा. समोर पहिल्या रांगेत सरपंच. तमाशा ठरवायच्या सुपारीच्या वर्गणीत बऱ्याचदा सर्वांत मोठा वाटा त्याचाच. तो हसायचा. कधी नाही हसायचा, मग पुढच्या वर्षी दुसरा फड बोलावला जायचा. जोखीम तेव्हाही होतीच. पण दिवसभर शेतात राबून आलेली माणसं "आम्ही दमलोय, आम्हाला टाकीचं सांगू नका" असं म्हणाल्याचं मी कधी ऐकलं नाही. टाकीचा विषय निघाला की सगळ्यांत मोठा हशा तिथेच व्हायचा. म्हणून "दमल्याभागल्या माणसाला घरी आल्यावर राजकारण नको असतं" हे मला पटत नाही. त्याला भांडण नको असतं. स्वतःच्या गाऱ्हाण्यावर कुणी चार लोकांत तोंड उघडलं, तर त्याला बरंच वाटतं.

टीव्हीवर काय दिसतं? नेत्याचा आवाज, हातवारे, चष्मा, बोलण्याची लकब. नक्कल ही अवघड कला आहे आणि मी ती मुलांना मन लावून शिकवते. पण तो नेता खुर्चीत बसून काय करतो, याबद्दल नुसत्या नकलेत अवाक्षर नसतं. उलट तो माणूस आपल्याला घरातला वाटू लागतो. म्हणून तर पुढारी अशा कार्यक्रमांत हौसेने पाहुणे म्हणून येतात आणि स्वतःच्याच नकलेला टाळ्या देतात. अर्थात फार वरच्या माणसाची नक्कलही चालतेच असं नाही. राजस्थानचा श्याम रंगीला हा नकलाकार एका हिंदी हास्यस्पर्धेत होता. त्याने केलेली पंतप्रधानांची नक्कल २०१७ मध्ये चित्रित झाली, पण वाहिनीने ती दाखवली नाही, असं त्यानेच सांगितलं. लोकांनी ती शेवटी मोबाइलवर पाहिली.

आमच्या एका मुलाचं सांगते. त्याचं प्रहसन होतं खेडा खरेदीवर. व्यापारी गावात गाडी घेऊन येतो, ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतो आणि आकडा न दाखवताच म्हणतो, "वल्ला शे!" म्हणजे आमच्या बोलीत, ओला आहे. आणि भाव पाडतो. आपल्याकडच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून, त्यापुढे खरेदीच नाही. केंद्र उशिरा उघडलं किंवा लांब पडलं, की हातात पैसा नसलेला शेतकरी दारातल्या व्यापाऱ्याकडेच वळतो. प्रहसनात पुढे प्रचाराला पुढारी येतो आणि आश्वासनांचा कागद वाचून शेतकऱ्याच्या हातात देतो. शेतकरी व्यापाऱ्याचं यंत्र घेतो, त्या कागदात खुपसतो आणि म्हणतो, "हाई तं पार कोरडं शे!"

महोत्सवात या वाक्याला मांडव हसून हलला होता. मग मुलगा एका वाहिनीच्या निवडचाचणीला गेला. तिथे त्याला सांगितलं, मुलगा छान आहे, भाषेचा बाज मस्त आहे, पुढाऱ्याची नक्कल ठेव, कागद आणि यंत्र काढ. वर हेही सांगितलं, की नक्कल अमुक एका नेत्याची केलीस तर आणखी चालेल. म्हणजे पुढारी चालतो, त्याचा आवाज चालतो, फक्त त्याने दिलेल्या कागदाबद्दल विचारलेलं चालत नाही. मला याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. त्या पोराचा बाप कापूस पिकवतो. त्याच्या घरातला वर्षाचा हिशोब म्हणजे ते यंत्र आणि तो कागद. ते वगळल्यावर उरली आमची बोली, आणि लोकांनी हसावं म्हणून त्यांना तेवढीच हवी होती. आमचं "शे" आणि "भो" तेवढं घ्यायचं आणि आमचं म्हणणं टाकून द्यायचं, हे मला मान्य नाही.

मला सांगतात, कायदा आड येतो. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत कार्यक्रम संहिता आहे. व्यक्तीची निंदानालस्ती नको, धर्म किंवा समाजगटांवर हल्ला नको, असं तीत आहे. सरकारी धोरणाला नावं ठेवू नका असं तीत कुठेच नाही. अडवते ती भीती. जाहिरातदार काय म्हणेल, कार्यकर्ते येऊन काचा फोडतील का, वरून फोन येईल का. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिला कायद्याचं नाव देऊ नये.

आणि हे टीव्हीवर कधी झालंच नाही असंही नाही. १९८५ साली, देशात फक्त सरकारी दूरदर्शन होतं तेव्हा, 'रजनी' मालिका लागायची. प्रिया तेंडुलकर गॅस सिलिंडरवाल्याला, टॅक्सीवाल्याला, कार्यालयातल्या बाबूला उभं करून जाब विचारायच्या. टॅक्सीचालकांनी तर त्या मालिकेविरुद्ध निदर्शनं केली. त्यात नेत्याची नक्कल नव्हती. एक गृहिणी आपल्या हक्काचं मागत होती, आणि घरोघरी बायका ते पाहत होत्या. त्या मालिकेइतकं राजकीय मला आजच्या कितीतरी नकलांत सापडत नाही.

मला टीव्हीवर नको असलेलं राजकारणही आहे. एप्रिल २०१९ मध्ये, लोकसभेची आचारसंहिता चालू असताना, 'भाभीजी घर पर हैं' आणि 'तुझसे है राबता' या दोन हिंदी मालिकांतली पात्रं गप्पांच्या ओघात केंद्र सरकारच्या योजनांचं कौतुक करू लागली. काँग्रेसने तक्रार केली, निवडणूक यंत्रणेने निर्मात्यांना नोटिसा दिल्या आणि तो भाग काढायला लावला. यावर "मनोरंजनात राजकारण कशाला" असं आमच्या ओळखीत कुणीच म्हटलं नव्हतं, कारण ते राजकारण आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नाही. दुधात पाणी घातल्यासारखं ते संवादात मिसळून गेलं होतं. उद्या दुसऱ्या पक्षाचं सरकार असेल आणि त्याने हेच केलं, तरी माझं मत हेच राहील. बतावणीत सोंगाड्या जे बोलायचा ते स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर. ऐकणाऱ्याला उत्तर द्यायची सोय होती. मालिकेतल्या वहिनीने पोळ्या लाटता लाटता केलेल्या प्रचाराला प्रेक्षकाने उत्तर कुठे द्यायचं?

माझ्या तालमीत काही गोष्टी मी चालू देत नाही. बाई राजकारणात असेल तर तिच्या अंगावर, कपड्यावर, नवऱ्यावर विनोद नाही. आडनावावरून जात काढायची नाही. आजारी माणसाच्या चालण्याची नक्कल नाही, मग तो कुणीही असो. एकदा एका मुलाने याबद्दल वाद घातला, "मॅडम, लोक हसतात ना!" हसतात. तरी नाही.

पालकांची काळजी मला कळते. गावात भाऊबंदकी असते, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सख्खे चुलत भाऊ समोरासमोर असतात, आणि पोराने स्टेजवर काही बोललं की दुसऱ्या दिवशी दुकानात बापाला ऐकावं लागतं. मी पालकांना सांगते, पोराला कुणाचं नाव घेऊ देऊ नका, पण त्याला गप्पही बसवू नका. "कोरडं शे" म्हणायला नाव लागत नाही. ज्याचा कागद कोरडा आहे त्याला ते बरोबर लागतं.

त्या मुलाची आई मध्यंतरी भेटली. परत चाचणीला पाठवू का, म्हणाली. मी म्हटलं, पाठवा, तेच प्रहसन घेऊन पाठवा. काढायला सांगितलं तर का काढायचं, कुणाला नको आहे, हे त्याने तिथेच सगळ्यांसमोर विचारायचं. मग काय करायचं ते त्याचं त्याने ठरवावं. पोटापाण्याचा प्रश्न त्याचा आहे, त्यात मी बोलणार नाही. यंदा रावेरकडच्या दोघी केळीवर लिहिताहेत. बोर्डावर जाहीर होणारा भाव एक आणि बागेत गाडी भरताना हातात पडणारा भाव दुसरा, एवढीच गोष्ट आहे. नक्कल कुणाचीच नाही. भाव विचारणारी म्हातारी सगळ्यांत शेवटी आणायची की आधी, यावर आमचं अजून ठरत नाहीये.