उजनीचा टक्का एकीकडे, आमचा ओढा दुसरीकडे: सीझन अपडेट

मंडळी, या सीझनचं अपडेट टाकायचं राहूनच गेलं होतं. उजनी धरणाच्या पाण्याची शीट रोज भरतोच, पण यंदा खरा वेळ गेला तो मोहोळकडच्या ओढ्यावर.

आधी उजनी. दौंडचा विसर्ग (म्हणजे भीमेतून धरणाकडे येणारं पाणी), धरणाची पातळी, कालवा-बोगदा-नदीत सोडलेलं पाणी, असे कॉलम आहेत. टक्का काढून टाकला आणि सगळं टीएमसीत (अब्ज घनफुटांत) ठेवलंय, कारण टक्का असतो फक्त उपयुक्त साठ्याचा, म्हणजे 53.57 टीएमसीचा, आणि त्याच्याखाली मृतसाठा आहे तब्बल 63.66 टीएमसी. म्हणून तर 2024 च्या उन्हाळ्यात 'उणे 60 टक्के' म्हणत होते तेव्हाही गाळ धरून 31-32 टीएमसी होतंच. दौंडला 11,574 क्युसेक (सेकंदाला घनफूट) अख्खा दिवस टिकला की 1 टीएमसी, हा आकडा तर आता पाठच झालाय.

आता मुद्दा. दौंडचा विसर्ग आणि आपल्या महसूल मंडळाचा पाऊस एकाच ग्राफवर टाकून बघा, दोन्ही रेषांचा मेळच बसत नाही! उजनी भरते ती भीमाशंकरकडच्या पाण्यावर, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड सगळं मिळून, जुलै-ऑगस्टमध्ये घाटात कोसळतं ते. आपल्या पावसाचा जोर सप्टेंबरवर, रब्बीची ज्वारी त्याच्याच ओलीवर. त्यामुळे धरण ओव्हरफ्लो आणि सांगोल्यात टँकर, हे एकाच वेळी होऊ शकतं आणि 'उजनी भरली, टेन्शन गेलं' हे वाक्य मला मनापासून खटकतं. (उलटंही आहे, नीरा उजनीच्या खाली नरसिंहपूरला मिळते, मग पंढरपूरच्या पुराचा अंदाज नुसत्या उजनीच्या विसर्गावरून कसा बांधणार?)

म्हणून दुष्काळाची शीट वेगळी केली. त्यात एसपीआय (प्रमाणित पर्जन्य निर्देशांक) काढतो, म्हणजे इतक्या वर्षांच्या त्याच महिन्यांच्या पावसाशी तुलना करून आत्ताचा पाऊस किती खाली आहे ते. उणे 1 च्या खाली मध्यम, उणे 1.5 च्या खाली तीव्र, उणे 2 ला अतितीव्र. एक महिन्याचा एसपीआय पिकासाठी, बारा महिन्यांचा विहिरींसाठी. निदान 30 वर्षांचा डेटा हवा, नाहीतर आकडा डळमळतो. शिवाय पावसाचा खंड वेगळा मोजतो, कारण महिन्याची बेरीज नॉर्मल दिसते आणि मधे 21 दिवस थेंब नसतो, तोवर तूर माना टाकते.

आता ओढा. फरशी पुलाच्या खांबावर पांढऱ्या ऑइलपेंटनं सेंटिमीटरची पट्टी रंगवलीये, शून्य तळाच्या कातळाला टेकवून, कारण वाळू-गाळ दर पुरानंतर हलतो, कातळ हलत नाही. वेग मोजायला 10 मीटरचा सरळ पट्टा आखला, त्यात वाळकं लाकूड सोडायचं, मोबाईलवर सेकंद धरायचे, पाच-सहा वेळा करून सरासरी घ्यायची आणि 0.85 नं गुणायचं, कारण वरचं पाणी तळच्यापेक्षा जोरात पळतं. गुणिले ओढ्याचा छेद, म्हणजे पाण्याची रुंदी गुणिले खोली, झाला विसर्ग. वेगवेगळ्या पातळ्यांना असे पॉइंट घेत घेत आता पातळी-विसर्गाचा वक्र जमलाय, म्हणजे आता नुसती पट्टी वाचली तरी सेकंदाला किती लिटर ते कळतं, फक्त पुराच्या वरच्या टोकाला भरवसा नाही, तिथे पॉइंटच कमी आहेत.

सगळ्यात भारी गोष्ट ओसरताना दिसली. पाऊस थांबल्यावर ओढा रोज आदल्या दिवसाच्या ठराविक पटीत कमी होतो, लॉग स्केलवर सरळ रेष येते. पण थ्री फेज लाइट आली की पट्टीवर एक-दोन सेंटिमीटर खाली, लाइट गेली की परत वर! काठावरच्या मोटारी सुरू झाल्या की लगेच कळतं. म्हणून रीडिंग आता लाइट यायच्या आधी, पहाटेच. शेजारच्या काकांच्या विहिरीतही टेप सोडतो, विहीर मात्र ओढ्याच्या मागून, आरामात उतरते. ही सरळ रेष पुढे वाढवली की ओढा साधारण कधी कोरडा पडेल ते आधीच सांगता येतं, आणि काकांनी त्यावरून यंदा गव्हाऐवजी हरभरा धरला, याचा मला फार आनंद झालाय.

पुढचं काम म्हणजे पाइपात अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनिलहरींनी पातळी मोजणारा) बसवायचा, रात्रीचं रीडिंग मिळेल. आणि माण नदीकाठचं किंवा अक्कलकोटकडे बोरी नदीकाठचं कोणी असेल तर एवढी एक पट्टी रंगवाच, शीटचा फॉरमॅट मी देतो, तारीख-वेळ-पातळी इतकंच भरायचंय.