पंधरा वर्षांची पोलो, रि-पासिंग आणि एका शून्याचा घोळ

२०१०-११ साली ज्यांनी फोक्सवॅगन पोलो घेतली त्यांच्या गाड्यांची पंधरा वर्षं आता भरलीत किंवा भरत आलीत. त्या सगळ्यांना रि-पासिंगला, म्हणजे गाडी तपासून नोंदणीची मुदत वाढवून घ्यायला, जावं लागणार, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. माझी पोलो कुठेच अडली नाही. अडलं ते आरटीओचं रेकॉर्ड, आणि तेही एका शून्यावर. त्या शून्याबद्दल लिहिताना अजूनही चीड येते, त्यामुळे लेखाचा निम्मा भाग त्यातच जाणार आहे.

आधी एक गैरसमज. पेट्रोल गाडी पंधरा वर्षांनी आणि डिझेल दहा वर्षांनी बंद, हा वाद दिल्ली आणि आसपासच्या परिसराचा आहे. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली की नोंदणीला पुढची पाच वर्षं मिळतात, पेट्रोल असो की डिझेल. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करायचा. कारसाठी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ₹५,००० आहे. त्यावर पर्यावरण कर वेगळा, डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त. उशीर झाला तर महिन्यागणिक दंड वाढतो. त्यामुळे साठ दिवसांची खिडकी उघडण्याच्याही दोन-तीन महिने आधी कागद तपासायला घ्या. का, ते पुढे कळेल.

एवढा खटाटोप करून ही गाडी ठेवावी का? माझं उत्तर ठाम हो आहे. पोलो जर्मनीत १९७५ पासून आहे. आपल्याकडची पोलो म्हणजे तिची पाचवी पिढी. चाकणच्या कारखान्याचं उद्घाटन ३१ मार्च २००९ ला झालं, डिसेंबर २००९ मध्ये तिथे पोलो बनायला लागली आणि २०१० च्या सुरुवातीला ती रस्त्यावर आली. २०२२ मध्ये इथलं उत्पादन थांबलं. मधल्या बारा वर्षांत इंजिनं बदलत गेली, पण दाराचं वजन, स्टीअरिंगचा नेमकेपणा आणि एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाला रस्ता धरून चालणं हे शेवटपर्यंत टिकलं. जुनं १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन ७५ पीएसचं आहे. घाटात दम लागतो हे खरं, पण रचना साधी आहे. टायमिंगला चेन असल्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. १.२ आणि १.६ टीडीआयवाल्यांना, म्हणजे डिझेलवाल्यांना, मात्र बेल्ट आहे. जुनी डिझेल पोलो घेत असाल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर तो खर्च उरलाच आहे असं धरूनच भाव करा.

आता मूळ घोळ.

चॅसिस नंबर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला तिचा ओळख क्रमांक, सतरा जागांचा असतो. त्यातली दहावी जागा मॉडेल वर्षाची, इंग्रजी ‘ए’ म्हणजे २०१०, ‘बी’ म्हणजे २०११. शेवटचे सहा आकडे हा अनुक्रमांक. माझ्या गाडीच्या अनुक्रमांकाची सुरुवात शून्याने होते. आरटीओच्या रेकॉर्डमध्ये त्या शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर टाइप झालेलं निघालं. नोंदणीच्या दिवशी कुणीतरी की-बोर्डवर शेजारची कळ दाबली आणि पुढे पंधरा वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार तरी कसं? नोंदणीच्या स्मार्ट कार्डवरच्या छपाईत शून्य आणि ‘ओ’ जवळपास सारखेच दिसतात. पीयूसी केंद्रावर चॅसिसचे शेवटचे पाच आकडे विचारतात, ते बरोबरच होते, त्यामुळे पीयूसी दर वेळी विनातक्रार निघत होतं.

फटका दोन ठिकाणी बसला. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी बुक करताना पूर्ण चॅसिस नंबर टाकावा लागतो. गाडीवरचा नंबर पाहून शून्य टाकला की ‘माहिती जुळत नाही’ असा निरोप. दुसरा फटका जास्त वाईट. विमा कंपनीकडे नंबर शून्यासकट, म्हणजे बरोबर होता. विम्याची माहिती परिवहनच्या पोर्टलवर आपोआप जाते, पण नंबर जुळला तरच ती गाडीच्या नावावर चढते. म्हणजे विमा चालू, पॉलिसी हातात, प्रीमियम भरलेला, आणि पोर्टलवर मात्र ‘विमा संपलेला’. अर्ज तिथेच थांबतो.

अशा वेळी प्लेट बुक करताना ‘ओ’ टाकून काम उरकायचा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. काचेवर आतून लावायच्या तिसऱ्या नोंदणी स्टिकरवर चॅसिस आणि इंजिन नंबर छापलेले असतात (पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला केशरी). चुकीच्या नंबरचं स्टिकर काचेवर चिकटलं की तीच चूक आणखी एका सरकारी कागदावर पक्की झाली.

मग आरटीओची खिडकी. तिथला संवाद दर वेळी असाच व्हायचा:

“नंबर तर बरोबर आहे. काय दुरुस्त करायचं?”

“मॅडम, हा शून्य नाही, ओ आहे.”

“दिसतोय तर शून्यच.”

त्या बाईंचीही फार चूक म्हणता येणार नाही. त्यांच्या स्क्रीनवर खरंच फरक दिसत नव्हता. पण ‘दिसत नाही’ म्हणून ‘नाही’ असं ठरवून अर्ज परत करायचा, मागे रांग उभी आहे म्हणून पुढच्याला बोलवायचं, आणि ‘विमा कंपनीकडून दुरुस्त करून आणा’ असं सांगायचं, याला काय म्हणावं? विमा कंपनी म्हणते आमचा नंबर बरोबर आहे, आणि तो बरोबरच असतो. बरोबर असलेला माणूस चुकीच्या रेकॉर्डशी जुळवून घेण्यासाठी हेलपाटे घालतो, हे संतापजनक आहे.

हा तिढा सोडवायला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली, फरक डोळ्यांना दिसेल असा पुरावा. डिजिलॉकरमधली आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) संगणकावर उघडा आणि शोधायच्या चौकटीत शून्य टाइप करा. चॅसिस नंबरातले खरे शून्य रंगतील, ‘ओ’ रंगणार नाही. त्याचा स्क्रीनशॉट छापून घ्या. तोच नंबर कॉपी करून ज्या फाँटमध्ये शून्याला मधून तिरकी रेघ असते अशा फाँटमध्ये मोठ्या अक्षरात छापा. खाली पेन्सिल प्रिंटवरचा (गाडीवर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून काढलेल्या ठशावरचा) नंबर त्याच फाँटमध्ये टाइप करा. एक ओळ रेघेची, एक बिनरेघेची. मग ‘सारखंच दिसतंय’ म्हणायला जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सतरा जागांच्या चॅसिस नंबरात इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही तीन अक्षरं कधीच वापरत नाहीत. आयएसओ ३७७९ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तो नियम आहे, आणि एक-शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणूनच तो केलेला आहे. म्हणजे कोणत्याही गाडीच्या रेकॉर्डमध्ये या सतरा जागांत ‘ओ’ असेल तर ती चूकच. वेगळी चौकशी करायची गरजच नाही. अर्जात हे वाक्य लिहिल्यावर वरच्या साहेबांनी फाइल हातात घेतली. तोवर ‘चॅसिस नंबर बदलायचा आहे’ एवढंच वाचून सगळे बिचकत होते. चोरीच्या गाडीचा नंबर खोडून बदलतात, त्यामुळे त्यांची भीती समजण्यासारखी आहे. म्हणून अर्जात ‘बदल’ हा शब्दच नको. असं लिहा: ‘वाहनावरील मूळ चॅसिस क्रमांक कायम असून, संगणकीय नोंदीत बाराव्या स्थानी अंक शून्याऐवजी इंग्रजी अक्षर ओ टंकलिखित झाले आहे; ती टंकनदोषाची दुरुस्ती व्हावी.’ कितवं स्थान ते मोजून लिहा.

सोबत काय जोडायचं? फॉर्म २१ म्हणजे विक्रेत्याचं विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २२ म्हणजे उत्पादकाचा दाखला, मूळ बिल आणि गाडी घेतानाची पहिली विमा पॉलिसी. फॉर्म २१ आणि २२ च्या मूळ प्रती नोंदणीच्या वेळी आरटीओच्या फाइलला लागलेल्या असतात, आपल्याकडे असली तर झेरॉक्स. ती नसेल तर ‘मूळ नोंदणी फाइल पडताळावी’ अशी ओळ अर्जात घाला. पोलोवाल्यांकडे आणखी एक पुरावा असतो, तो बहुतेकांना माहीत नसतो. डिकीत स्टेपनीच्या खळग्यापाशी कारखान्याचं पांढरं माहिती-स्टिकर असतं. त्यावर चॅसिस नंबर, इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा कोड, रंगाचा कोड छापलेला असतो. तसंच एक सर्व्हिस बुकात. डिकीतलं स्टिकर ओल येऊन निघालं असेल तर बुकातलं दाखवा. अधिकृत सर्व्हिस सेंटरचं जुनं जॉब कार्डही चालतं.

अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसता टेबलावर ठेवलेला कागद म्हणजे न दिलेला कागद. दुरुस्ती लिपिक टाकतो, मंजुरी वरच्या अधिकाऱ्याची लागते, आणि या दोन टप्प्यांच्या मध्ये फाइल पडून राहते. विचारायला जाताना आवक क्रमांक सांगितला तर शोधतात, गाडीचा नंबर सांगितला तर ‘उद्या या’. उत्तरच मिळत नसेल तर आपले सरकारच्या तक्रार पोर्टलवर तोच आवक क्रमांक टाकून तक्रार नोंदवा. दुरुस्ती झाल्यावर विमा पोर्टलवर आपोआप चढेलच असं नाही. कंपनीला फोन करून माहिती पुन्हा पाठवायला सांगावं लागतं.

‘ओ’ गेला, शून्य आला, त्या दिवशी जो सुटकेचा श्वास टाकला तो गाडी तपासणीत पास झाल्याच्या दिवशीही टाकला नाही. पुढचं सगळं सरळ झालं: प्लेट बुक झाली (चारचाकीला ₹७४५ अधिक जीएसटी, परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच जा, नकली साइट आहेत), अर्ज गेला, तपासणीची तारीख मिळाली.

पेन्सिल प्रिंटबद्दल सांगायचं राहिलं. नंबर बॉनेटखाली पत्र्यावर ठोकलेला असतो, जागा गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिली आहे. काचेच्या कोपऱ्यातून दिसतो तो वाचण्यापुरता, त्याची प्रिंट निघत नाही. रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने तेलकट थर पुसा, कोरडं करा, पातळ पांढरा कागद ताणून चिकटवा आणि ६बी सारखी मऊ पेन्सिल आडवी धरून घासा. टोकाने घासलं तर कागद फाटतो आणि आठाचा तीन दिसतो. तीन-चार प्रती काढून ठेवा.

पीयूसी तपासणीच्या आदल्या दिवशी नको, आधीच करून घ्या. बीएस-४ पेट्रोलला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. थंड इंजिनावर चांगली गाडीही नापास होते, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. वीस मिनिटं नीट चालवून थेट केंद्रावर जा, रांगेत इंजिन बंद करू नका. तरीही कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर कन्व्हर्टरवर खर्च करण्याआधी ऑक्सिजन सेन्सर आणि प्लग तपासा. या वयात आधी तेच थकतात.

इन्स्पेक्टर दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, सीट बेल्ट, टायर बघतात. पोलोच्या हेडलाइटची प्लास्टिकची काच पिवळी पडते. पाणी लावत १०००, २००० आणि शेवटी ३००० नंबरचा पेपर मारा, मग पॉलिश, आणि त्यावर यूव्ही क्लिअर कोट. कोट टाळलात तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. टायर बदलणार असाल तर दुकानदाराला सांगा की पोलोला नट नाहीत, १७ एमएमचे बोल्ट आहेत आणि ते १२० न्यूटन मीटरला घट्ट करायचे. एअर गन लावून आवळतात, मग पंक्चरच्या वेळी घरच्या पान्याने हलत नाहीत.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: रेकॉर्डला सध्याचा मोबाइल नंबर जोडा, त्याशिवाय ओटीपी येत नाही. बाकी ई-चलन भरून टाका. आणि फिटलेल्या कर्जाचा बोजा कार्डावर असेल तर बँकेच्या ना-हरकतीसह फॉर्म ३५ देऊन आधी उतरवा. पंधरा वर्षांत बँकेची शाखा हलली असली तर ते पत्र मिळवायला वेळ लागतो.

नवं कार्ड पोस्टाने येतं. आल्यावर पाकीट फोडून चॅसिस आणि इंजिन नंबर पेन्सिल प्रिंटशी एकेक अक्षर जुळवा, डिजिलॉकरमधली प्रत नव्याने उतरवून तिच्यातही शून्य शोधून बघा, आणि नव्या मुदतीची प्रत विमा कंपनीला पाठवा.