आज सेकंड शिफ्टला…

शिफ्ट सुरू होऊन अर्धा तास पण झाला नसेल, प्रेस मशीनचा हायड्रॉलिक होस (दाबाखालचं तेल नेणारा पाइप) फुटला, बघता बघता २०-२५ लिटर तेल पॅसेजमध्ये आणि आमचा नवीन पोरगा पाण्याचा पाइप घेऊनच पळत आला! म्हटलं अरे थांब बाबा, पाण्याने तेल जात नाही, पसरतं, आणि मग सगळं गटारात. आधी मशीन बंद, मग गटाराच्या जाळीभोवती वाळूचा बांध, मग कडेकडून आत भुसा टाकत गेलो. (भुसा तेलाला चालतो हां, नायट्रिक ॲसिडवर टाकाल तर पेटू शकतो.) तेलकट भुसा घातक कचऱ्याच्या ड्रममध्ये. स्पिल किट (सांडलेलं तेल आवरायचं सामान)? आहे ना, कपाटात, कुलूपबंद, चावी जनरल शिफ्टवाल्या साहेबांच्या खिशात 😄 बूट अजून चिकटतायत, बायकोने दाराबाहेरच काढायला लावले.