नखाएवढ्या कनेक्टरची निवड

रेडिओ लहरींवर चालणाऱ्या उपकरणाचा आराखडा करताना अँटेना, ॲम्प्लिफायर आणि फिल्टर यांच्यावर तासन्‌तास खल होतो, आणि या सर्वांना सांधणारा कोॲक्सियल कनेक्टर (मधली तार आणि तिच्याभोवतीचे धातूचे वेष्टण अशा केबलींचा जोड) मात्र शेवटी, उरलेल्या जागेत मावेल तो, अशा हिशेबाने उरकला जातो. मला हा क्रम उफराटा वाटतो. बंद पेटीतल्या चिपला पुढे कोणी बोटही लावत नाही. हात लागतो तो कनेक्टरला. म्हणून तो निवडताना तो किती वेळा उघडला जाणार आणि कोणाच्या हातून, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो.

कॅटलॉग मात्र सुरुवात करतो वारंवारतेपासून. कनेक्टरांच्या प्रकारांपैकी एसएमबी 4 गिगाहर्ट्झपर्यंत, एमसीएक्स आणि एमएमसीएक्स 6 पर्यंत, एसएमए 18 पर्यंत, एसएमपी थेट 40 पर्यंत. हे आकडे खरे आहेत. पण वाय-फाय आणि मोबाइलची बरीचशी उपकरणे 6 गिगाहर्ट्झच्या आतच चालत असल्यामुळे या चाळणीतून निम्मे कॅटलॉग सहज खाली उतरते आणि निवड होती तिथेच राहते.

निर्णायक आकडा डेटाशीटच्या शेवटच्या ओळींत, बहुधा बारीक अक्षरांत असतो: जोडण्या-काढण्याची हमी. साध्या एसएमएसाठी ती साधारण 500 वेळा असते. बोर्डावर बसणाऱ्या, जोडल्यावर अडीच मिलिमीटरपेक्षा उंच न होणाऱ्या यू.एफएलसाठी ती फक्त 30 वेळा आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते. पण भिंगाखाली ती चिमुकली गोल कडी पाहिली की कारण कळते: पातळ पत्र्याच्या कडीच्या ताणावरच सगळी पकड अवलंबून असते. तो कनेक्टर काढण्याच्या आकडीने सरळ वर ओढावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बहुतेक जण नखाने एका बाजूने उचकटतात, कडी किंचित लंबगोल होते आणि मग तो ‘खट्’ करून बसतो खरा, पण हलक्या धक्क्यानेही सुटतो. कारखान्यात एकदा जोडून झाकण लावायचे असेल, तर 30 हा आकडा भरपूर आहे. चाचणीच्या टेबलावर तोच कनेक्टर लावणे मात्र त्याच्यावर अन्याय आहे.

एसएमएचे दुखणे याच्या उलट आहे. तो दणकट दिसतो म्हणून त्याला कसेही वागवले जाते. जोडताना फिरवायची असते ती फक्त बाहेरची नट. आतली केबल आणि पिन स्थिर राहायला हवी. घाईत केबलच धरून पिळली की सुमारे 0.9 मिलिमीटर व्यासाची पिन समोरच्या खोबणीत गोल घासत जाते आणि सोन्याचा मुलामा खरवडते. हा ओरखडा क्षुल्लक नव्हे, कारण 1 गिगाहर्ट्झला तांब्यातला प्रवाह मुख्यतः वरच्या सुमारे 2 मायक्रोमीटरच्या थरातूनच वाहतो. पृष्ठभागच जिथे वाहक आहे, तिथे पृष्ठभागाची हेळसांड चालत नाही. पितळी एसएमए सुमारे 0.56 न्यूटन-मीटरला आवळावा असे सांगतात. बोटांनी तो सहसा कमी आवळला जातो आणि पकडीने जास्त, म्हणून टॉर्क पाना हवा, आणि पाना फिरवायला जागाही हवी. आठ मिलिमीटरची नट कागदावर अगदी दाटीने मांडता येते, पण त्या दाटीत पाना शिरत नाही.

अशा ठिकाणी दाबून बसणारे कनेक्टर उपयोगी पडतात. एमएमसीएक्स जोडलेल्या स्थितीतही गोल फिरू शकतो, त्यामुळे केबलला पीळ बसत नाही. पण मला विशेष आवडते ती एसएमपीची रचना. दोन बोर्डांच्या मध्ये ‘बुलेट’ नावाचा दुतोंडी तुकडा बसतो आणि बोर्ड किंचित सरकलेले असले तरी सांभाळून घेतो. एका बाजूची खोबण घट्ट धरणारी आणि दुसरी गुळगुळीत घेतली, की बोर्ड वेगळे करताना बुलेट प्रत्येक वेळी घट्ट बाजूलाच राहते. दुरुस्ती करणाऱ्याला ती जमिनीवर शोधावी लागत नाही.

दिसण्यावरून फसवणारेही काही आहेत. काही एसएमबी 50 ओहम इम्पिडन्सचे (लहरीला होणाऱ्या विरोधाचे माप), काही 75 ओहमचे. मिसळ झाली तर सुमारे 4 टक्के शक्ती उलटी परतते, जे साध्या दुव्यात खपून जाते आणि नेमक्या मापनात अजिबात खपत नाही. वाय-फाय राउटरवरचा उलट ध्रुवतेचा एसएमए अधिक खट्याळ आहे. आटे तेच, पण पिन आणि खोबण यांची अदलाबदल झालेली. अमेरिकी नियमांना अनुसरून, ग्राहकाने भलता अँटेना लावू नये म्हणून, ही उलटापालट रूढ झाली. त्यावर साधा एसएमए चढवला तर आटे छान बसतात, आत मात्र एक तर दोन खोबणी समोरासमोर येऊन संपर्कच होत नाही, नाहीतर दोन पिना एकमेकींना भिडून दबतात.

जोरकस प्रक्षेपकाच्या बाजूला मी हे छोटे कनेक्टर शक्यतो सुचवत नाही. सैल जोड किंवा निकेलचा मुलामा तिथे दोन वारंवारतांचे मिश्रण करून तिसरीच निर्माण करतो आणि ती नेमकी स्वीकाराच्या पट्ट्यात पडली, तर दोष सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो.

महागड्या मापन-उपकरणाच्या तोंडाशी बहुधा 3.5 किंवा 2.92 मिलिमीटरचा कनेक्टर असतो. साधा एसएमए त्यात बसतो. पण त्याची पिन नेमून दिलेल्यापेक्षा जरा पुढे आलेली असेल, तर समोरच्या खोबणीची नाजूक बोटे फाकतात. म्हणून त्या तोंडावर एक झिजला की बदलता येणारा ॲडाप्टर कायम चढवून ठेवतात आणि झीज त्याच्या वाट्याला येऊ देतात. खरेदीची यादी करताना मी हा ॲडाप्टर केबलींच्याही आधी लिहितो, आणि नग दोन मागवतो.