कपात दोन्हीकडून, मग भत्ता एकाच नोकरीवर का?

गेल्या महिन्यात मैत्रिणीचा बेरोजगार भत्त्याचा फॉर्म भरायला तिच्यासोबत बसले होते. तिच्या दोन अर्धवेळ नोकऱ्या, सकाळी ऑफिसांची साफसफाई आणि संध्याकाळी फोनवर ऑर्डरी घ्यायच्या. सकाळची गेली. फॉर्ममध्ये 'मालकाचं नाव' असा एकच रकाना, तिने दोन्ही नावं स्वल्पविराम देऊन कोंबली तर फॉर्म पुढेच सरकेना, मग एक खोडलं. आठवड्याने उत्तर आलं, एका मालकाकडे लागतात तेवढे तास भरत नाहीत, शिवाय दुसरी नोकरी चालू आहे म्हणजे तुम्ही बेरोजगार नाहीच. पण बेरोजगारी विम्याची कपात तर दोन्ही पगारांतून होत होती, ती करताना कुणी तास मोजले नव्हते!

मुळात हा विमा बनलाच ठरावीक कामगारांसाठी. ब्रिटनचा १९११ चा कायदा आला तेव्हा त्यात बांधकाम, जहाजबांधणी असे मोजकेच उद्योग, भत्ता आठवड्याला ७ शिलिंग. अमेरिकेत १९३५ ला कायदा झाला तर शेतमजूर आणि घरकामगार बाहेरच. आणि तिथे अजून एक भानगड आहे, ज्या मालकाची काढलेली माणसं जास्त भत्ता घेतात त्याचा कर वाढतो, म्हणजे अर्जावर हरकत घेण्यात मालकाचाच फायदा, आणि एकदा हरकत आली की ज्याची रोजचीच मारामार आहे तो कागद गोळा करत कुठे फिरणार?

बदल करता येतो की. २०२० मध्ये कोरोनात अमेरिकेने गिग कामगार (ॲपवरून किंवा सुटी-सुटी कामं घेणारे) आणि छोटे धंदेवाले यांनाही तात्पुरता भत्ता दिला, २०२१ मध्ये बंद केला ते सोडा. डेन्मार्कने २०१८ पासून नोकरीची आणि स्वतःच्या धंद्याची कमाई एकत्र धरायला सुरुवात केली.

मला तेच हवंय. मालक मोजू नका, माणसाची वर्षभराची सगळी कमाई मोजा, दोनातली एक नोकरी गेली तर तेवढ्या भागाचा भत्ता द्या. आणि टक्केवारी सरसकट नको, पगाराच्या निम्मे म्हटलं की मोठ्या पगारवाल्याचं कसंतरी भागतं, कमी पगारात निम्म्यात घरभाडंही निघत नाही, तिथे निदान ८० टक्के हवेत आणि वर कमाल मर्यादा. पैसा कुठून आणायचा हे विचारणारच लोक, विचारायलाच हवं, तर ॲपवरून कामं करून घेणाऱ्या कंपन्यांनीही फंडात भरावं, सुरुवात तिथून करा.

मैत्रिणीने अपील केलंय. त्या फॉर्मवरही मालकाचा रकाना एकच निघाला, दुसरं नाव आम्ही 'शेरा' मध्ये लिहिलं आणि दोन्हीकडच्या पगाराच्या स्लिपा जोडल्या.